रग्बीतील मुली आणि शक्तीचे मोजमाप



रग्बीवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. मलाही वाटले होते. मी रग्बीचा चेंडू आयुष्यात एकदाच हातात धरला, आणि तोही निसटला. परंतु आमच्या एका सभासदाची मुलगी हा खेळ खेळते. गेल्या वर्षी तिचे वडील एक कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यावर तिचे नाव, वजन आणि चार आकडे होते, आणि खाली शेरा होता : 'दम कमी. निवड नाही.' ते म्हणाले, "भाऊ, हे मला चार्जशीटसारखंच दिसलं, म्हणून तुमच्याकडे आणलं." त्या कागदापायी मी या विषयाचे वाचन सुरू केले.

आधी खेळ समजून घेऊ. संघात पंधरा जणी, सामना ८० मिनिटांचा. धावायचे, समोरचीला अंगावर घेऊन पाडायचे, आपण पडायचे, उठून पुन्हा धावायचे. पुढच्या आठ जणींना प्रतिपक्षाच्या आठ जणींशी खांदे भिडवून रेटारेटी करावी लागते. मागच्या सात जणींचे काम मुख्यतः वेगाचे. तेव्हा एकाच मापाने पंधराही जणी मोजणे म्हणजे लोहार आणि शिंपी यांना एकच गज लावण्यासारखे आहे.

म्हणून चाचण्या अनेक असतात. दहा मीटर किती वेळात कापते, जागेवरून किती उंच उडी मारते, खांद्यावर किती वजन घेऊन बसून उठते, हे पाहतात. दम पाहण्यासाठी 'ब्राँको' नावाची एक चाचणी आहे. वीस मीटर जाऊन परत, चाळीस जाऊन परत, साठ जाऊन परत. असे पाच फेरे, मध्ये विसावा नाही. एकूण १२०० मीटर. तिला चुन्याच्या चार रेघा आणि एक घड्याळ पुरते, म्हणून ती गरिबाच्या मैदानावरही पोहोचली आहे.

आता एक हिशेब सांगतो. ९० किलो वजनाची मुलगी सेकंदाला ५ मीटर धावते, आणि ६५ किलोची ६ मीटर. घड्याळाच्या मते दुसरी सरस. परंतु वजनाला वेगाने गुणा : पहिलीचा गुणाकार ४५०, दुसरीचा ३९०. समोरून येऊन आदळताना पहिलीच जड जाईल. म्हणजे एकटा आकडा खोटे बोलत नाही, पण अर्धेच बोलतो.

हे मी कारखान्यात शिकलो. एका कारखान्यात वेळ मोजणारे साहेब आमच्या पाठीशी स्टॉपवॉच घेऊन उभे राहत. सर्वांत चपळ पोराची सकाळच्या पहिल्या तासाची वेळ त्यांनी धरली, आणि तेच माप साऱ्या खात्याला लावले. आम्ही घड्याळ फोडायला निघालो नाही. आम्ही म्हणालो, घड्याळ असू द्या. पण दुपारी तीन वाजताही वेळ धरा, मशीनची अवस्था लिहा, आणि आमचा माणूस शेजारी उभा राहू द्या.

मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. क्रीडाशास्त्राचे बरेचसे संशोधन पुरुषांवर झाले आणि मग ते बायकांना लावण्यात आले. वळताना, उडी मारून खाली येताना गुडघ्याच्या आतला बंध फाटण्याचे प्रमाण मुलींत मुलांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते. मानेचे स्नायू सरासरीने कमी ताकदीचे असल्यामुळे पडताना डोके मागे आपटण्याचा धोका असतो. यावर उपाय आहेत. मानेचे व्यायाम, एका पायावर तोल धरणे, उडीनंतर गुडघा आत न वळवता टेकणे हे शिकवता येते, आणि त्याने दुखापती कमी होतात. मला विचाराल तर वेगाच्या आकड्याआधी हे तपासावे.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. रक्तात लोह नसेल तर प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचणार कसा? अशा मुलीला 'दम कमी' म्हणून आणखी पळायला लावणे म्हणजे तेल संपलेल्या दिव्याची वात वर करणे होय.

आणि तिसरी गोष्ट विश्रांतीची. व्यायामाने स्नायू शिणतो. तो बळकट होतो नंतर, जेवणात आणि झोपेत. ही झोप कोणाला परवडते? बायकांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९१ साली वेल्समध्ये झाली. सोव्हिएत संघराज्याच्या मुलींजवळ परकीय चलन नव्हते. खर्च भागवण्यासाठी त्या विकायला व्होडका घेऊन आल्या होत्या! २०१४ साली इंग्लंडने चषक जिंकला तेव्हा त्यांची कर्णधार केटी मॅक्लीन प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आणि संघातली सोफी हेमिंग जनावरांची डॉक्टर. पुढे पगारी करार आले; २०१७च्या स्पर्धेनंतर पंधरा जणींच्या खेळाचे करार बंद झाले; २०१९च्या जानेवारीपासून २८ जणींना पूर्णवेळ पगार सुरू झाला. पगार दिला की चषक मिळतो, असे मी म्हणत नाही. २०२२च्या अंतिम सामन्यात याच पगारी संघाला न्यूझीलंडने ३४-३१ असे हरवले. २०२५ साली मात्र इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असे नमवले, आणि तो सामना पाहायला लंडनमध्ये ८१,८८५ माणसे जमली होती. पगाराने काय मिळते, तर दुपारची झोप मिळते.

आपल्याकडेही २०१९ साली भारताच्या मुलींनी मनिलात सिंगापूरला २१-१९ असे हरवले. पुण्याच्या वाहबिझ भरुचा यांनी देशाच्या संघाचे नेतृत्व केले आहे. तेव्हा हा खेळ परका राहिलेला नाही.

आता त्या कागदाकडे येतो. ही मुलगी पॅकिंग खात्यात रात्रपाळी करते. पाळी संपवून ती थेट मैदानावर गेली होती. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ९. मी प्रशिक्षकांना भेटलो. वाटले होते, भांडावे लागेल. पाहतो तो गृहस्थ स्वतः सुट्टीच्या दिवशी बिनपगारी येणारे. तीस मुली आणि हातात एक घड्याळ. आम्ही दोघांनी मिळून त्याच कागदावर पट्टीने चार रकाने वाढवले : झोपेचे तास, कामाची पाळी, हिमोग्लोबिन, मासिक पाळीचा दिवस. हा शेवटचा रकाना लिहायला आम्ही दोघेही संकोचलो. मुली म्हणाल्या, लिहा. पण ती वही आमच्याजवळ राहील.

लोहाच्या गोळ्या झाल्या, तीन महिने गेले, पुन्हा चाचणी झाली. तिची वेळ सुधारली. तरी निवड झाली नाही, कारण तिच्या जागी घेतलेली मुलगी त्याही दिवशी तिच्यापुढे होती. वडिलांना वाईट वाटले. मुलीने तक्रार केली नाही. पुढची चाचणी येत्या महिन्यात आहे. त्या आठवड्यापुरती तरी दिवसपाळी मिळावी म्हणून खातेप्रमुखांकडे अर्ज दिला आहे; उत्तर अजून आलेले नाही.