दसऱ्याआधी एक बैठक पुरुषांच्या आरोग्यासाठी

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



सकाळपासून तुम्ही कर्जफेड, बँकेचे हप्ते, शेळीपालन असं सगळं ऐकलंत. माझा विषय फळ्यावर लिहिला, ‘पुरुष आणि एचआयव्ही’, तेव्हा मागच्या रांगेत दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. लावू द्या. अशा बैठकीत पहिल्यांदा बसले तेव्हा मीपण तेच केलं होतं.

आधी माझ्या घरचं सांगते. माझा थोरला भाऊ ट्रकवर होता. महिना महिना बाहेर. आला की आमच्यासाठी खाऊ, आईला लुगडं. मग त्याला ताप येऊ लागला, जुलाब थांबेनात, अंगावरचं मांस गेलं. घरात सगळे म्हणायचे, बाहेरचं खाऊन पोट बिघडलंय. कुणी म्हणालं, बाहेरची बाधा आहे. 2002 च्या दिवाळीत तो गेला. शेवटी शेवटी त्याचं ताट वेगळं ठेवलं होतं, अन् ते ताट मीच घासत होते, लांबून, राखेनं. भाऊ गेल्याचं दुःख आहेच, पण त्या ताटाची आठवण आली की जास्त वाईट वाटतं. कारण आज मला माहीत आहे, एका ताटात जेवल्यानं काहीही होत नाही.

वहिनीला माहेरी धाडलं. तिची तपासणी करावी असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. पुढं ती आजारी पडली, तेव्हा कळलं. पण तोवर सरकारी दवाखान्यात फुकट औषधं सुरू झाली होती. देशात ती 1 एप्रिल 2004 पासून द्यायला लागले. वहिनी आज गोळ्या घेते, शेतात कामाला जाते, गटाचा हप्ता वेळेवर भरते. हे सगळं तिला विचारून, तिची परवानगी घेऊनच मी सांगते आहे. भावाला दीड-दोन वर्षं जास्त मिळाली असती तर तोही कदाचित असता.

आता नीट ऐका. एचआयव्ही चारच वाटांनी लागतो. निरोध न वापरता केलेला शरीरसंबंध. दुसऱ्याला वापरलेली सुई. तपासणी न केलेलं रक्त. आणि आईकडून बाळाला. हात लावल्यानं, एकत्र जेवल्यानं, डास चावल्यानं, एकच संडास वापरल्यानं तो लागत नाही.

मग पुरुषांबद्दल वेगळं का बोलायचं? पुरुष वाईट असतात म्हणून नाही. आपल्या भागातून ऊसतोडीला जोडपं जातं, नवरा-बायको मिळून एक कोयता. पण ट्रकवर, बांधकामावर, शहरातल्या हॉटेलात माणूस एकटा जातो. दहा-बारा जण एका खोलीत. हातात आठवड्याचा पगार, घर लांब, सोबत्यांचा आग्रह, वर दारू. प्यायल्यावर निरोधाची आठवण राहत नाही. काही पुरुषांचे पुरुषांशीही संबंध असतात, लग्न झालेल्यांचेही. हे आपण गावात कधी बोलत नाही, पण असतं. तिथंही निरोध नसेल तर धोका मोठा असतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा असा संबंध गुन्हा नाही. तरी लोक नावं ठेवतील या भीतीनं ही माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. आणि लपवलेला आजार वाढतच जातो.

दुसरी गोष्ट. लघवीच्या जागी जखम झाली, पू आला, तर पुरुष कुणाला सांगत नाही. एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेली ‘गुप्तरोग’वाल्याची जाहिरात वाचतो आणि तिकडे पैसे घालतो. अशी जखम असताना एचआयव्ही लवकर शिरतो. सरकारी दवाखान्यात या आजारांचा उपचार फुकट होतो आणि कुणी नाव विचारत चौकशी करत बसत नाही.

तिसरी गोष्ट आपली, बायकांची. मी निरोधाचं बोलले की बऱ्याच जणी म्हणतात, “ताई, माझं ऑपरेशन झालंय, आता कशाला?” बहिणींनो, ऑपरेशननं मूल होणं थांबतं, रोग लागणं थांबत नाही. आपण निरोधाला पाळणा लांबवायचं साधन समजतो, म्हणून ऑपरेशन झालं की तो घरातून जातो. तो रोगापासून वाचवतो, हे घरोघर कळायला पाहिजे.

तुम्ही म्हणाल, चूक करायची पुरुषांनी आणि डोकं आपण लावायचं का? बरोबर आहे. जबाबदारी त्यांचीच आहे, आणि ती तुमच्या डोक्यावर टाकायला मी आलेले नाही. पण माझ्यासमोर ही माणसं येतात तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. कामाला जाणारा माणूस कधी निघणार, कधी परत येणार, हे तुम्हालाच आधी माहीत असतं. शिवाय नवराच कशाला? तुमचा एकोणीस वर्षांचा पोरगा पुण्याला कामाला निघाला, तर त्याच्या पिशवीत चिवडा-लाडू तुम्हीच भरता. त्याला हे कोण सांगणार? बाप लाजतो, मास्तर लाजतात. मग तो मोबाईलवरून शिकतो, ते निम्मं खोटं असतं.

घरी कसं बोलायचं, ते सांगते. “तुम्ही तिकडं काय करता?” असं विचारलं की भांडण होतं. “चला, आपण दोघं तपासून येऊ,” असं म्हणा. आमच्याकडे ग्रामीण रुग्णालयात समुपदेशन व चाचणी केंद्र आहे, त्याला आयसीटीसी म्हणतात. तपासणी फुकट. आधी समजावून सांगतो, संमती घेतो, मगच रक्त घेतो. एक लक्षात ठेवा, कालच धोका झाला आणि आज तपासलं तर दिसेलच असं नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं. घरी हा विषय काढला तर मारहाण होईल अशी जिला भीती असेल, तिनं एकटीनं बोलू नये. आधी माझ्याकडं किंवा आशाताईकडं या. 1097 हा एड्सचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत, नाव सांगावं लागत नाही.

आणि तपासणीत निघालाच, तर? तर लगेच औषध सुरू होतं. बहुतेकांना दिवसाला एक गोळी, रोज, न चुकता. नियमित घेतली की रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. तसेच राहिले तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदर बाईला वेळेत औषध मिळालं तर बाळही बहुतेक वेळा सुखरूप राहतं. पण गोळी सोडली की रोग पुन्हा डोकं वर काढतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांचं नेमकं इथंच चुकतं. पालावर गोळ्या संपतात आणि लाजेनं कुणी विचारत नाही. निघण्याआधी केंद्रावर सांगितलं तर जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा तिकडच्या केंद्राची चिठ्ठी मिळू शकते. मुकादमाला काही सांगायची गरज नाही.

कायदाही आहे. एचआयव्हीबाबतचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, कुणाचा आजार चारचौघांत सांगता येत नाही, कामावरून, शाळेतून काढता येत नाही. बाधित बाईला सासरच्या राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. हे माझ्या वहिनीच्या वेळी नव्हतं.

आता गटांकडं माझं मागणं. दसऱ्याला माणसं बाहेर पडतात, अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला परत येतात. या दोन्ही वेळांना ग्रामसंघाने एक-एक आरोग्य तपासणी ठेवावी. बीपी, साखर, टीबी आणि एचआयव्ही, सगळं एकाच दिवशी. म्हणजे कोण कशासाठी आला, ते कुणाला कळणार नाही. आम्हाला पंधरा दिवस आधी कळवा, आम्ही येऊ. दुसरं, कुणाला काय निघालं हे गटात विचारायचं नाही आणि इतिवृत्तात लिहायचं नाही. तिसरं, औषधासाठी तालुक्याला जायला एसटीचे पैसे नसतील तर अंतर्गत कर्जातून द्या. कारण ‘दवाखाना’ एवढंच लिहा. आणि घरात हा आजार आहे म्हणून कुणाचं कर्ज अडवू नका, कुणाला गटातून काढू नका.

मागच्या आठवड्यात वहिनी आमच्याकडं आली होती. आम्ही दोघी एका ताटात जेवलो. भावासोबत मला ते जमलं नाही. तुमच्या घरात कुणावर ती वेळ येऊ नये म्हणून आज इथं उभी राहिले.

जेवणाची वेळ झाली. ज्यांना काही विचारायचंय त्यांनी जेवताना माझ्याशेजारी येऊन बसा. हळू बोला, मला ऐकू येतं.