वाळायला वाट
(लाकडी बांधकाम करणाऱ्यांच्या परिषदेतलं अध्यक्षीय भाषण)



   

गेल्या काही वर्षांत घाटमाथ्यावर ओंडक्यांच्या घरांची हौस फार वाढली आहे. लोणावळ्याला जा, महाबळेश्वरला जा, परदेशी पाइनचे ओंडके एकावर एक रचलेले आणि दरीकडे तोंड केलेला लाकडी डेक हमखास दिसतो. चित्र नॉर्वे-फिनलंडचं आहे. चित्र उचलायला माझी हरकत नाही. पण त्याबरोबर तिथल्या माणसांची सवय आणायची राहून गेली, आणि आपली स्वतःची होती तीही आपण मोडून बसलो, याबद्दल मला आज बोलायचं आहे.

नॉर्वेतलं उर्नेसचं लाकडी चर्च साधारण ११३० सालचं, बोर्गुंडचं ११८०च्या आसपासचं. दोन्ही आज उभी आहेत. त्यांच्या आधीही तिथे लाकडी चर्चं होती, पण त्यांचे खांब थेट जमिनीत रोवलेले असत. ते बुडातून कुजले आणि चर्चं गेली. पुढच्या कारागिरांनी खाली दगड मांडले, दगडांवर आडव्या तुळया टाकल्या आणि उभे खांब त्या तुळयांत बसवले. वरून पाइनचं डांबर फासलं आणि पिढ्यान्‌पिढ्या फासत राहिले. आपल्या वाड्यांत खांबाखाली तळखडा असतो तो याच कारणासाठी. मातीची ओल दगडाशी थांबावी, खांबाचं बूड कोरडं राहावं.

लाकूड जुनं झालं म्हणून कुजत नाही. त्यातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला त्यात संसार मांडता येत नाही. उलट टोकाला, लाकूड कायम पाण्यात बुडालेलं असेल तरी ते टिकतं, कारण तिथे हवा पोचत नाही. नॉर्वेच्याच बर्गन शहरात ब्रिगेन नावाचा जुना लाकडी धक्का आहे. शेजारच्या नव्या बांधकामामुळे भूजल खाली गेलं, शतकानुशतकं पाण्याखाली असलेल्या पायाच्या लाकडांना हवा लागली, ती कुजू लागली आणि वरच्या इमारती खचायला लागल्या. उपाय काय केला, तर जमिनीत पाणी परत मुरवलं! लाकडाला मारतं ते ओलं आणि कोरडं यांच्या मधलं रेंगाळणं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. बर्गनला त्याच्या निम्माही पडत नाही, आणि थंडीही आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. उबदार ओल ही बुरशीची आवडती जागा आहे. तेव्हा तिकडची हातभर वळचण इकडे पुरणार नाही, हे नकाशावर रेघ मारतानाच समजायला हवं.

ओंडक्याच्या घराची दुसरी खोड म्हणजे ते खाली बसतं. लाकूड लांबीत जवळजवळ आक्रसत नाही, जाडीत आक्रसतं. ओल्या ओंडक्यांची आठ फुटी भिंत सुकता सुकता चार ते सहा इंच उतरू शकते. म्हणून जाणता सुतार दाराच्या चौकटीवर मोकळी जागा सोडतो आणि ती नुसत्या पट्टीने झाकतो. भिंत उतरते, पण उभे खांब उतरत नाहीत, म्हणून त्यांच्याखाली स्क्रू-जॅक ठेवतो आणि वेळोवेळी फिरवून खांब तेवढाच खाली घेतो. आपल्याकडे काय होतं? दारावरची फट दिसली की ती भरून टाकायची. मग भार चौकटीवर येतो, दार घासू लागतं, ओंडक्यांत सांधे उघडतात, त्यांतून पाऊस आत. मालक म्हणतो लाकूड खराब निघालं. लाकूड आपल्या धर्माने वागलं, एवढंच.

यावर चकचकीत पॉलिशचा थर म्हणजे आगीत तेल. तो थर आपल्या उन्हात तडकतो, भेगेतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही. त्यापेक्षा मुरणारं तेल बरं. ते दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं, दक्षिण-पश्चिमेच्या भिंतींना त्याहून लवकर. कोकणात होड्यांना आणि वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावतात, त्यात दिसायला सुंदर असं काही नाही, पण काम चोख होतं. ओंडक्याचं कापलेलं टोक आडव्या अंगापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं, म्हणून तेलाचा पहिला हात तिथे. आणि जोतं दीड फूट उघडं ठेवा, म्हणजे वाळवीची मातीची नळी वर चढताना दिसेल तरी.

डेकबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. १६ जून २०१५ला कॅलिफोर्नियात बर्कली इथे एक लाकडी बाल्कनी मध्यरात्रीनंतर कोसळली. सहा तरुण मुलं गेली. इमारत २००७ची, म्हणजे जेमतेम आठ वर्षांची. बाल्कनीचे वासे भिंतीत शिरत होते तिथेच अडकलेल्या पाण्याने आतून कुजले होते. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि भाड्याच्या बहुमजली घरांतल्या अशा बाल्कन्या आणि डेक दर सहा वर्षांनी तपासणं बंधनकारक झालं. आपल्याकडे असा कायदा नाही, आणि दरीवर झुकलेल्या डेकवर सुट्टीच्या दिवशी चाळीस माणसं फोटोला उभी राहतात. डेक भिंतीला जिथे टेकतो तिथे पाणी बाहेर वळवणारा पत्रा, म्हणजे फ्लॅशिंग, आहे का, बोल्ट आहेत की नुसते खिळे, फळ्यांमध्ये पाणी आणि पाचोळा पडून जायला फट आहे का, हे विचारायची लाज वाटू देऊ नका.

दुरुस्तीचं काम कसं असावं, तर किझीसारखं. रशियात ओनेगा सरोवरातल्या या किझी बेटावर १७१४ सालचं बावीस घुमटांचं, सदतीस मीटर उंच चर्च आहे, सगळं ओंडक्यांचं. ते झुकू लागलं तेव्हा आत लोखंडी सांगाडा घातला आणि पुढे वरचा भाग उचलून धरून ओंडक्यांचा एकेक पट्टा बाहेर काढला. कुजलेलं तेवढंच कापलं, तिथे नव्या लाकडाचा तुकडा बेतून बसवला, पट्टा जमिनीवर जुळवून पाहिला आणि परत जागेवर नेला. कामाला दहा वर्षांहून जास्त लागली. घाई केली असती तर नवंकोरं चर्च मिळालं असतं, जुनं गेलं असतं.

आपल्याकडेही सवय होतीच. वैशाखात कौलं चाळायची, फुटकी बदलायची, वाशाला टोचून बघायचं, पश्चिमेच्या अंगाला झावळ्यांचे झाप बांधायचे, म्हणजे झड भिंतीवर येत नाही. त्याचं निविदापत्र नव्हतं, पण गावात प्रत्येकाला तारीख ठाऊक होती. आता घर ताब्यात देताना आपण किल्ल्या देतो, पेढे देतो आणि निघून येतो.

म्हणून दुपारच्या सत्रात एक ठराव मांडतो आहे. प्रत्येक लाकडी बांधकामाच्या अंदाजपत्रकातच पहिल्या काही वर्षांच्या तपासणीची रक्कम वेगळी दाखवायची, आणि ती तपासणी बांधणाऱ्या सुतारानेच करायची, रोख मोबदल्यावर. मेहरबानी म्हणून नको. मसुद्यात पाच वर्षं लिहिली आहेत. मला सात हवी होती. सुतार मंडळींचं म्हणणं, सातचं नाव काढलं तर मालक सिमेंटकडे पळेल. जेवण झाल्यावर यावर मनसोक्त भांडू या.