राणीबागेतला सीतेचा अशोक

गेल्या फाल्गुनात आमच्या बचत गटातल्या चौदा जणी कर्जतहून सकाळच्या लोकलनं भायखळ्याला गेलो, राणीबाग बघायला. घरून निघताना टोमणे ऐकलेच. रानात राहणाऱ्या बाया झाडं बघायला मुंबईला चालल्यात! पण आमचा गट रोपं तयार करतो, आणि आमच्या रोपवाटिकेत वर्षानुवर्षं तीच ती चार झाडं. म्हटलं, जरा बघून तर येऊ. तुम्हाला जायचं असेल तर बुधवार सोडून जा, बुधवारी बाग बंद असते.

ही बाग १८६२ सालची. आत शिरलं की सगळी गर्दी पेंग्विनकडे वळते. आमच्याही दोघी-तिघी पळाल्या तिकडे. बाकीच्या आम्ही झाडांखालून सावकाश निघालो. गोरखचिंच बघितली. मूळ आफ्रिकेतलं झाड, खोड भाताच्या कणगीसारखं फुगलेलं, त्यात ते पाणी साठवून ठेवतं. कैलासपतीची फुलं थेट खोडालाच लागतात आणि फुलात पिंडीवर नागाचा फणा दिसतो. एकीनं लगेच हात जोडले. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, असं मी सांगितलं तर म्हणाली, "असू दे, देव कुठंही असतो." उर्वशी ब्रह्मदेशाची, लाल फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. तिला बी क्वचितच धरतं म्हणून गुटी बांधून रोप करतात, हे आमच्या कामाचं.

मग एका झाडापाशी आमच्या आत्या थांबल्या. त्यांना वाचता येत नाही. मी पाटी वाचली, सीतेचा अशोक. फांद्यांना बिलगून केशरी फुलांचे गुच्छ होते. शाळेच्या कुंपणाशी उंच, सरळ वाढतो तो आसुपालव. आपण त्यालाच अशोक म्हणतो, पण खरा अशोक हा.

आत्या म्हणाल्या, "अगं, ही तर आमच्या ओढ्याकाठची."

नंतर बराच वेळ त्या गप्पच होत्या. डबे उघडले तेव्हा बोलल्या. पूर्वी एक व्यापारी साल घ्यायला गावात यायचा. बायकांच्या पाळीच्या तक्रारींवर जे अशोकारिष्ट देतात, त्यात हीच साल पडते. किलोवर पैसे मिळायचे. आत्यांनी ओढ्याकाठच्या झाडाची साल बुंध्याभोवती गोल सोलून काढली होती. "पुढच्या वर्षी पालवी आलीच नाही. पोराच्या शाळेचे पैसे भरायचे होते गं."

कुणी त्यांना बोल लावला नाही. आमच्यातल्या किती जणींनी तेच केलं असेल. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच मुळांकडे उतरतं. चहूबाजूंनी साल काढली की मुळं उपाशी राहतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. व्यापाऱ्यानं तर नाहीच.

आणि ही बागसुद्धा आपोआप टिकलेली नाही बरं का. सतरा-अठरा वर्षांपूर्वी इथं मोठं परदेशी धर्तीचं प्राणिसंग्रहालय करायचा आराखडा आला, तेव्हा झाडांसाठी उभ्या राहिल्या त्या मुंबईतल्या बायकाच. इथं ३,००० हून जास्त झाडं आहेत, ती त्यांनी लोकांना नावानिशी दाखवली. परतीच्या गाडीत आमचं हेच बोलणं चाललं होतं. आपल्या ओढ्याकाठी किती झाडं उरली, कुणाला ठाऊक आहे?

आल्यावर आठ दिवसांनी आत्या आम्हाला ओढ्यानं वर घेऊन गेल्या. दोन झाडं सापडली. एकाच्या सालीवर जुना वार आहे, पण एकाच बाजूला, म्हणून ते वाचलं. पावसाच्या तोंडावर शेंगा पिकतील. बी वाळवून ठेवलं तर रुजत नाही, ताजंच लावावं लागतं. माती, वाळू आणि शेणखत कालवून ठेवलंय. पिशव्या भरायला आपणच आधी बसणार, असं आत्यांनी बजावून ठेवलंय.