चहातली गोळी

विशीतल्या मुलाला नसलेले आवाज ऐकू येतात, घरचेच कट करताहेत असं वाटतं, आणि तो औषध नाकारतो. मग आई गोळी गुपचूप चहात विरघळवते. तिची तगमग मला समजते. पण एक दिवस हे त्याला कळलं, तर त्याचा संशय खराच ठरतो! शिवाय दुष्परिणाम कशाचे, हे तो डॉक्टरांना सांगणार तरी कसं?

आजार आहे म्हणून निर्णयक्षमता नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मानत नाही. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे प्रौढ व्यक्तीला आधीच लेखी नोंदवता येतं, विश्वासाचा प्रतिनिधीही नेमता येतो. पहिल्या झटक्यातून सावरताच हे करावंच. मात्र उपचार लांबवू नका. मदतीसाठी टेली-मानस हेल्पलाइन, १४४१६, मोफत.