गणवेषातील कामगार आणि १९४६ चा संप



हवाई दलाचा इतिहास बहुधा वैमानिकांच्या शौर्याचा म्हणून लिहिला जातो. १९४० साली ब्रिटनच्या आकाशात झालेली झुंज जगाच्या स्मरणात आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु विमान आकाशात झेपावते तेव्हा त्यामागे जमिनीवर अनेक हात राबलेले असतात. इंजिन जुळविणारा फिटर, बॉम्ब चढविणारा आर्मरर, बिनतारी यंत्रावर बसलेला चालक, भटारखान्यातील आचारी हे सारे स्क्वाड्रनचेच घटक होत. दुसऱ्या महायुद्धात यांतील असंख्य जण सक्तीच्या भरतीने गणवेषात आलेले कामगार होते.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली. फॅसिझमविरुद्ध लढण्यासाठी बोलावलेल्या या माणसांच्या दृष्टीने काम संपले होते. वय आणि सेवेचा काळ पाहून क्रमाने मुक्त करावयाचे, असे ठरलेही होते. तथापि भारत, सिलोन, मलाया येथील तळांवर महिनोन्‌महिने काहीच हालेना. जहाजे अपुरी आहेत, असे सरकार सांगत होते. आपली जहाजे अमेरिकन सैनिकांना नेण्यासाठी कशी मिळतात, असे सैनिक विचारीत होते. इकडे जावामध्ये ब्रिटिश विमाने इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यवाद्यांवर हल्ले करीत होती. युद्ध संपले होते, साम्राज्याची राखण संपली नव्हती.

जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिग रोड तळावर जाड निळ्या गणवेषात कवायतीला उभे राहण्याचा हुकूम सुटला आणि सैनिकांनी तो नाकारला. पाहता पाहता संप कानपूर, सिलोन, सिंगापूरपर्यंत पसरला. सुमारे ६० तळांवरील ५०,००० जण त्यात सामील झाले. कोणी शस्त्र उचलले नाही. माणसांनी फक्त काम थांबविले.

लंडनमध्ये त्या वेळी सत्तेवर होता मजूर पक्ष. १९४५ च्या निवडणुकीत सैनिकांच्या मतांचा त्याला मोठा आधार मिळाला होता. या सरकारने सुटकेचा वेग वाढविण्याचे आश्वासन दिले. पण त्याच सरकारच्या काळात पुढाकार घेणाऱ्यांवर लष्करी खटलेही चालले. सिंगापूरच्या नॉरिस सिंबलिस्ट यांना १० वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये जनमत उठले तेव्हा ती कमी करावी लागली.

या संपाला नसते तेज चढविण्याचे कारण नाही. त्या सैनिकांना घरी जावयाचे होते. भारताचे स्वातंत्र्य ही त्यांची मुख्य मागणी नव्हती. परंतु एकाने हुकूम नाकारला की दुसऱ्याचे भय ओसरते. लवकरच भारतीय हवाई दलातही संप झाले. १८ फेब्रुवारीला मुंबईत ‘तलवार’वरील नाविकांनी निकृष्ट अन्न आणि वंशद्वेषी शिवीगाळ यांविरुद्ध उठाव केला. गोऱ्या हवाई सैनिकांच्या उदाहरणाचा यात वाटा आहे, असे खुद्द व्हाइसरॉय वेव्हेल यांचे मत होते.

मात्र दोहोंना लावलेली मापे निराळी होती. गोऱ्या संपकऱ्यांशी बहुतेक ठिकाणी बोलणी झाली. भारतीय नाविकांना धाक दाखविण्यासाठी मुंबई बंदरावरून विमाने उडविण्यात आली, आणि त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या गिरणगावातील कामगारांवर गोळ्या झाडण्यात आल्या. मुंबईत दोनशेहून अधिक माणसे मेली. याहून कटू गोष्ट अशी की, बडतर्फ झालेल्या नाविकांना स्वतंत्र भारताच्या नौदलानेही परत घेतले नाही.

आज संविधानाचे कलम ३३ सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला देते, आणि १९५० च्या हवाई दल कायद्यानुसार शासनाच्या संमतीवाचून हवाई सैनिकाला कामगार संघटनेत जाता येत नाही. देशाच्या संरक्षणासाठी अशी काही बंधने आवश्यक असतील. परंतु ज्याचा संपाचा हक्क काढून घेतला, त्याचे गाऱ्हाणे वेळेवर ऐकण्याची शासनाची जबाबदारी दुप्पट होते. २०१५ साली समान हुद्द्याला समान निवृत्तिवेतन मिळावे म्हणून माजी सैनिकांना जंतरमंतरवर उपोषणास बसावे लागले, ही गोष्ट ती जबाबदारी पार पडल्याचे लक्षण नव्हे.

सैनिकाच्या शौर्याला वंदन करणे सोपे असते. तो श्रमिकही आहे हे मान्य करणे अवघड असते. १९४६ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारलाही ते अवघड गेले. समाजवादी कार्यकर्त्याने स्वतःची परीक्षा तेथेच घ्यावयाची आहे.