ओव्हनमधल्या करंजीचं मोहन

यंदा दिवाळीला करंज्या तळायच्या नाहीत, ओव्हनमध्ये भाजायच्या, असं पुष्कळ घरांत ठरलंय. जरूर भाजा. सुकं खोबरं, खसखस, वेलची, सारणाचं सगळं तुमच्या हातात बसलेलं आहे. मला बोलायचंय ते फक्त मोहनाबद्दल.

होतं काय, तूप कमी पोटात जावं म्हणून आपण ओव्हन लावतो आणि त्याच हिशेबानं मोहनातही हात आखडतो. मग करंजी होते चिवट, आणि बोल लागतो ओव्हनला!

अहो, कढईतली करंजी म्हणजे माहेरी राहणारी लेक. पिठात तूप थोडं कमी पडलं, तरी कढई तिला चारही बाजूंनी वाढते. ओव्हनमधली करंजी वसतिगृहाला निघालेली. तिथे वाढायला कुणी नाही. आईनं डब्यात बांधून दिलं तेवढंच तिचं. अशा वेळी आई डबा अर्धा भरते का? उलट चार लाडू जास्तच घालते. मोहन म्हणजे तो डबा.

तळायला दोन वाट्या मैद्याला पाव वाटी तूप पुरत असेल, तर भाजायला अर्धी वाटी घ्या. पातळ करून घ्या आणि पिठाला नीट चोळा. तूप पिठाच्या कणाकणाला लागलं की पाणी आत कमी शिरतं, पीठ ताणत नाही, म्हणून पारी खुसखुशीत होते. मूठ वळून बघा. मुटका फुटला तर मोहन कमी आहे. घाबरू नका, आणखी घाला. कढईभर तूप तर वाचलंच आहे ना?

दूध लावून कडा घट्ट मिटा, वर काट्यानं दोन टोचे मारा म्हणजे वाफ निघून जाईल आणि करंजी उकलणार नाही. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. कडा बदामी झाल्या की काढा. तळणीसारखा एकसारखा रंग येईपर्यंत थांबलात तर ती कडक होईल. गोव्यात चवथीला आणि नाताळला नेवऱ्या करणाऱ्यांनो, भाजणार असाल तर तुम्हालाही हेच सांगणं.

मोहन तेवढं विसरू नका: दोन वाट्यांना अर्धी वाटी. लेकीला डबा भरून पाठवा.