खेळ कोणाच्या हाती: ब्राउझरमधील आणि डाउनलोड केलेल्या संगणकीय खेळांची निवड

संगणकावर खेळण्याचे आज दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्यात ब्राउझरमध्ये, म्हणजे संकेतस्थळे पाहण्यासाठी एरवीही उघडलेल्या प्रोग्रॅममध्ये, खेळाचे पान उघडले की खेळ सुरू होतो. दुसऱ्यात खेळाच्या फायली आधी डाउनलोड करून हार्ड डिस्कवर इन्स्टॉल कराव्या लागतात आणि मगच तो चालतो. या दोहोंतील निवडीची चर्चा बहुधा वेग, चित्रांचा दर्जा आणि डिस्कवरील जागा यांपाशीच थांबते. या बाबी खऱ्याच आहेत. पण ज्या खेळात माणूस महिनोन्‌महिने घालवतो तो उद्या कोणाच्या हाती असेल, हा प्रश्न त्यांहून मोठा असून तोच सहसा विचारला जात नाही.

सोयीच्या बाबतीत ब्राउझरची बाजू निर्विवाद आहे. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या खेळाला डिस्कवर १५० जीबी जागा ठेवावी लागते, आणि रोज दीड जीबी डेटा देणाऱ्या मोबाइल योजनेवर ज्या घरचे इंटरनेट चालते तिथे तो उतरवायला, दुसरे काहीही न करता, दोन महिन्यांहून अधिक काळ जाईल. उलट मार्च २०१४ मध्ये गाब्रिएले चिरुल्ली या एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणाने शनिवार-रविवारच्या सुट्टीत बनवलेला ‘२०४८’ हा आकड्यांचा खेळ कोणत्याही जुन्या संगणकावर काही क्षणांत उघडतो. शाळेच्या किंवा वाचनालयाच्या सामायिक संगणकावर ब्राउझर अधिक सुरक्षितही ठरतो, कारण तो प्रत्येक पानाला ‘सँडबॉक्स’मध्ये, म्हणजे संगणकातील इतर फायलींना हात लावता येणार नाही अशा कुंपणात, ठेवतो. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमला मात्र वापरणाऱ्याचे बहुतेक अधिकार मिळतात, म्हणून तो कोठून घेतला याची खात्री करणे भागच असते. त्रिमितीय दृश्यांचा भार वाहणारे मोठे खेळ अजूनही डाउनलोडच्याच मार्गाने येतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा त्यांपैकीच.

आता टिकण्याचा प्रश्न. सुमारे दोन दशके ब्राउझरमधील खेळ मुख्यतः फ्लॅश या तंत्रावर उभे होते. फ्लॅश हे ब्राउझरला वरून जोडायचे पूरक साधन, म्हणजे प्लग-इन, होते. ते शिकायला सोपे असल्यामुळे घरी बसलेल्या हौशी मुलामुलींनीही त्यात हजारो खेळ रचले. परंतु त्यात सुरक्षेच्या त्रुटी वारंवार सापडत गेल्या, आयफोनने त्याला कधीच प्रवेश दिला नाही, आणि अखेर फ्लॅशच्या मालक अडोबी कंपनीने २०१७ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयर स्वतःच खेळ चालवायला नकार देऊ लागला. एका पिढीची एवढी मोठी निर्मिती एका तारखेला बंद पडावी, ही सांस्कृतिक हानीच म्हटली पाहिजे; छापील पुस्तकांच्या बाबतीत असे घडले असते तर केवढा गहजब झाला असता!

त्यातून जे वाचले ते स्वयंसेवकांमुळे. ‘फ्लॅशपॉइंट’ या प्रकल्पाने एक लाखाहून अधिक खेळ व चलचित्रे गोळा करून ती इंटरनेटशिवाय चालतील अशी जपली, तर ‘रफल’ या इम्युलेटरमुळे, म्हणजे जुन्या यंत्रणेचे सोंग हुबेहूब वठवणाऱ्या प्रोग्रॅममुळे, इंटरनेट आर्काइव्हवर अनेक फ्लॅश खेळ पुन्हा खेळता येऊ लागले. तथापि ज्यांची फाइल पूर्ण होती तेच खेळ असे वाचू शकले. फेसबुकवर २००९ मध्ये आलेल्या ‘फार्मव्हिल’मधील शेते झिंगा कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या संगणकावर, होती, २०२० च्या अखेरच्या दिवशी खेळ बंद झाला आणि वर्षानुवर्षे पेरलेली ती शेते त्याबरोबर गेली.

याच्या उलट उदाहरण ‘वर्डल’चे आहे. जॉश वॉर्डल यांच्या या शब्दखेळाचे सारे शब्द, पुढच्या काही वर्षांच्या उत्तरांसह, पानाच्या कोडमध्येच लिहिलेले होते आणि कोणत्या दिवशी कोणता शब्द द्यायचा हे खेळणाऱ्याच्याच संगणकावर ठरत होते. जानेवारी २०२२ मध्ये तो न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला तेव्हा अनेकांनी ते पान नुसते सेव्ह करून घेतले, आणि ब्राउझरमधला तो खेळ कोणाच्याही परवानगीशिवाय त्यांच्या डिस्कवर चालत राहिला. खेळातील प्रगती मात्र ब्राउझरच्या साठ्यात असते आणि तो साठा कच्चा असतो. ॲपलच्या सफारीत २०२० पासून असा नियम आहे की, पानाशी काही व्यवहार न करता सफारीच्या वापराचे सात दिवस उलटले, तर त्या पानाच्या कोडने साठवलेली माहिती पुसली जाते.

मग डाउनलोड केलेला खेळ तरी आपला असतो काय? १० डिसेंबर १९९३ रोजी पहिला भाग विनामूल्य वाटला गेलेला ‘डूम’ निःसंशय आपला आहे. त्याचा मूळ कोड १९९७ मध्ये खुला झाल्यामुळे तो आजच्या संगणकांवरही चालतो. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’चे तसे नाही. २०१४ पासून विकला गेलेला हा मोटारींचा खेळ एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद होताच पैसे मोजून घेतलेल्या आणि डिस्कवर उतरवलेल्या फायली निरुपयोगी झाल्या. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा हाच भेद ओळखतो: केवळ वापराचा परवाना मिळत असेल तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही, मात्र कायमचा डाउनलोड होऊन इंटरनेटविना चालणाऱ्या वस्तूंना यातून सूट आहे.

म्हणून दहा मिनिटांच्या विरंगुळ्यासाठी, खेळाची चव पाहण्यासाठी आणि दुसऱ्याच्या संगणकावर ब्राउझरच घ्यावा. ज्यात वर्ष घालवायचे, मुलांनी ज्यात काही रचायचे, तो खेळ डाउनलोड केलेला आणि सर्व्हरविना चालणारा असावा. याची परीक्षा घरच्या घरी होते: खेळ एकदा सुरू करून बंद करावा, इंटरनेट तोडावे आणि तो पुन्हा उघडून आधीची प्रगती शाबूत आहे का ते पाहावे. स्टीम या सर्वांत मोठ्या विक्री-मंचावर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ दोन तासांहून कमी असेल तर पैसे परत मागता येतात, आणि या परीक्षेला पाच मिनिटे पुरतात.